चाक मोठे का झाले, आणि पुन्हा लहान का झाले?

सायकल ही वस्तू आता इतकी ओळखीची झाली आहे की तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून ती पहाटे डेअरीकडे जाते, दिवसभर शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहते, बाजाराच्या दिवशी कॅरिअरवर धान्याचे पोते घेऊन परत येते. पण वाचकहो, घटकाभर तिच्याकडे नव्याने पाहा. सारख्या मापाची दोन चाके, त्यांच्या मधोमध पायडल, पायडलाकडून मागच्या चाकाला गेलेली साखळी, आणि हे सगळे एकत्र धरून ठेवणारी नळ्यांची चौकट. इतका सरळ आकार पाहून वाटते की पहिल्याच माणसाला हाच सुचला असणार.

तसे झाले नाही. पहिली दुचाकी रस्त्यावर आली १८१७ साली आणि आजच्या आकाराची सायकल आली १८८५ साली. मध्ये ६८ वर्षे गेली. त्यातली शेवटची पंधरा वर्षे तर युरोपातले लोक अशा सायकलीवर बसत होते, की तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे आणि मागचे चाक एखाद्या परातीएवढे! जुन्या पुस्तकांतून तिचे चित्र दिसले की वर्गात हशा पिकतो. माणसे खुळी होती की काय, असे मुले विचारतात. मला मात्र वाटते की ती माणसे खुळी मुळीच नव्हती. त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. फक्त तो हिशेब आपल्याला कोणी सांगितलेला नसतो. आज तोच सांगायचा आहे.

आरंभ जर्मनीतला आहे. बाडेन नावाच्या छोट्या राज्यात कार्ल ड्राइस हा जंगलखात्यातला अधिकारी होता. १२ जून १८१७ रोजी तो मानहाइम गावातून श्वेत्सिंगेनच्या रस्त्याने निघाला. बसला होता एका लाकडी यंत्रावर. एकापुढे एक अशी दोन चाके, मध्ये बसायला गादी, पुढचे चाक वळवायला दांडा. पायडल नाही, साखळी नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून धावल्यासारखे रेटायचे, आणि वेग आला की पाय उचलून घ्यायचे. चाके आपल्या गाडीच्या चाकांसारखीच : लाकडी तुंबा, लाकडी आरे आणि वरून लोखंडी धाव. सगळे मिळून वजन सुमारे २२ किलो. जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटरचे अंतर त्याने साधारण तासाभरात तोडले. घोड्याच्या टपालगाडीला ही गोष्ट सोपी नव्हती.

याच सुमारास हे सुचण्याचे कारण काय असावे? १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची बारीक धूळ आणि वायू वातावरणात पसरले, आणि पुढच्या वर्षी, १८१६ साली, युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली. ओट महागले, आणि ओट म्हणजे घोड्याचा खुराक. घोडे पोसणे परवडेना. म्हणून बिनघोड्याच्या वाहनाची गरज भासली, असा तर्क हान्स-एरहार्ड लेसिंग या जर्मन संशोधकाने मांडला आहे. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे. ड्राइसने १८१३ सालीच माणसाच्या ताकदीवर चालणारी चारचाकी करून पाहिली होती, हेही लक्षात घ्यायला हवे. पण दुष्काळात जनावर विकावे लागलेल्या घराला हा तर्क पटकन कळेल.

या यंत्रातली खरी नवी गोष्ट एकच होती, आणि ती फार मोठी होती. दोन चाके एका ओळीत ठेवली तरी माणूस पडत नाही, कारण ज्या बाजूला तोल जातो त्या बाजूला पुढचे चाक थोडे वळवले की तोल परत येतो. बैलगाडीची दोन चाके शेजारी-शेजारी असतात, ती उभीच राहते. ओळीतली दोन चाके उभी राहत नाहीत, पण चालती राहिली तर पडतही नाहीत. ड्राइसच्या आधी हे कोणी चालवून दाखवलेले नव्हते.

लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या गाडीवाल्याने १८१८ मध्ये त्याची सुधारित नक्कल काढली. श्रीमंतांच्या मुलांनी हौस भागवली, लोकांनी टिंगल केली. रस्ते खडबडीत म्हणून ही मंडळी पादचाऱ्यांच्या फरसबंदीवर चढत, तेव्हा गावोगावच्या अधिकाऱ्यांनी बंदी घातली. दोन-तीन वर्षांत खेळ आटोपला. ड्राइसच्या वाट्याला पैसा आला नाही. १८४९ च्या क्रांतीच्या वेळी त्याने आपली सरदारकी सोडून स्वतःला साधा ‘नागरिक ड्राइस’ म्हणवून घेतले. क्रांती मोडली, आणि १८५१ च्या डिसेंबरात कार्लसरूह गावी तो दारिद्र्यात वारला.

येथे शिक्षकमित्रांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. स्कॉटलंडच्या कर्कपॅट्रिक मॅकमिलन या लोहाराने १८३९ साली पायडलाची सायकल केली, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. त्याचा आधार फार तुटपुंजा आहे, तो दावा उभा राहिला तोच अर्ध्या शतकानंतर. लिओनार्दो द विंचीच्या कागदांत सायकलीचे चित्र सापडले असेही सांगतात. ते चित्र मागाहून कोणीतरी काढलेले आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. परीक्षेत प्रश्न घालताना ही दोन नावे टाळलेली बरी.

पायडल खरोखर रस्त्यावर आले ते पॅरिसमध्ये, १८६० नंतर. ते कोणी लावले यावर भांडण आहे. एका बाजूला प्येर मिशो हा लोहार, तर दुसऱ्या बाजूला प्येर लालमाँ हा गाडीकामाचा कारागीर. लालमाँ अमेरिकेला गेला आणि तिथे २० नोव्हेंबर १८६६ रोजी त्याने पेटंट घेतले. मिशोच्या पाठीशी ऑलिव्हिए बंधूंचे भांडवल होते, म्हणून नाव त्याचे झाले. लालमाँने पेटंट विकून टाकले आणि तो १८९१ साली बॉस्टनमध्ये वारला. तोवर सायकलीचा धंदा जगभर फोफावला होता, पण त्यातले त्याला काही मिळाले नाही.

या सायकलीत पायडल कुठे होते? पुढच्या चाकाच्या थेट आसाला. लहान मुलांची तीनचाकी पाहा, अगदी तसेच. आणि आता आपल्या हिशेबाकडे येऊ.

पायडल थेट चाकाला जोडले, तर पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाकाचा व्यास ३६ इंच असेल तर परीघ सुमारे ११३ इंच, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात गाडी साडेनऊ फूट जाईल. पाय किती जरी भराभर मारले तरी माणसाच्या पायाला मर्यादा आहे. मग वेग वाढवायचा कसा? चाक मोठे करा. ५४ इंचांचे चाक घेतले की परीघ होतो १७० इंच, म्हणजे एका फेऱ्यात १४ फूट. पाय तेवढेच फिरले, गाडी दीडपट पळाली. दुसरा उपायच नव्हता.

शिवाय मोठ्या चाकाचा आणखी एक गुण गाडीवानांना सांगायला नको. लहान चाक खड्ड्यात पडते, मोठे चाक खड्ड्यावरून जाते. त्या काळी टायरात हवा नव्हती. १८६० नंतरच्या त्या फ्रेंच सायकलीला इंग्रजांनी ठेवलेले नाव ‘हाडे खिळखिळी करणारी’ असे होते, आणि ते खोटे नव्हते. चाक वाढले तसे हादरे कमी झाले. तेव्हा चाक वाढणे हे वेगासाठीही योग्य आणि पाठीच्या कण्यासाठीही योग्य. ते किती वाढवायचे? तुमचा पाय पायडलाला पोहोचेल तितके. दुकानात धोतराचे माप घेत नाहीत, पण सदऱ्याचे घेतात ना, तसे लोक पायाचे माप देऊन चाक विकत घेत. उंच माणसाचे चाक साठ इंचांचे, ठेंगण्याचे पन्नासचे. शर्यतीत उंच माणूस जन्मतःच पुढे!

पण एवढे मोठे चाक लाकडी आऱ्यांचे केले तर ते उचलणार कोण? येथे कारागिरीचा मोठा पल्ला मारला गेला, आणि तो इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावात. हे गाव रेशमी फितींच्या विणकामाचे. १८६० साली इंग्लंड-फ्रान्स व्यापारी तह झाला, फ्रेंच फितींवरची जकात उठली, आणि कॉव्हेंट्रीचे माग बंद पडले. हजारो विणकर उपाशी पडले, कित्येकांनी गाव सोडले. घड्याळे बनवण्याचा दुसरा धंदाही पुढे स्विस आणि अमेरिकन मालापुढे खंगत गेला. बारीक कामाची सवय असलेले हात रिकामे होते. तिथे शिवणयंत्रांचा एक कारखाना निघालेला होता. त्याचा पॅरिसमधला प्रतिनिधी रौली टर्नर याने फ्रेंच सायकल कॉव्हेंट्रीत आणली, आणि कारखान्याने शिवणयंत्रांबरोबर सायकली करायला घेतल्या. १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले, फ्रान्समधला सायकलीचा उद्योग बसला, आणि पुढारीपण इंग्लंडकडे गेले. एका गावाचे माग बंद पडले नसते तर सायकल कुठल्या वाटेने गेली असती, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

त्या कारखान्यात जेम्स स्टार्ली हा मुख्य कारागीर होता. शेतकऱ्याचा मुलगा, तरुणपणी माळीकाम केलेला. मालकिणीचे बिघडलेले शिवणयंत्र दुरुस्त करता करता यंत्रांकडे वळलेला. त्याने आणि विल्यम हिलमनने १८७० साली ‘एरिअल’ नावाच्या सायकलीचे पेटंट घेतले. तिच्या चाकाला आऱ्यांऐवजी तारा होत्या. पॅरिसच्या यूजीन मेयरने १८६९ मध्ये तारांच्या चाकाचे पेटंट घेतले होतेच. कॉव्हेंट्रीने ते धंद्यात आणले.

गाडीचा आरा आणि सायकलीचा स्पोक यांत किती फरक आहे पाहा. गाडीचे वजन तुंब्याखालच्या आऱ्यावर येते, आरा खांबासारखा उभा राहून ते पेलतो, म्हणून तो जाड लागतो. तार खांबासारखी उभी राहू शकत नाही, ती वाकेल. तारेला फक्त ओढ सोसता येते. तेव्हा सगळ्या तारा सर्व बाजूंनी आधीच घट्ट ताणून ठेवायच्या. वजन पडले की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, पण त्या ढिल्या पडत नाहीत, आणि चाक गोल राहते. सायकल दुकानदार चाकाचा ‘आऊट’ काढतो तेव्हा स्पोक आवळून-सैल करून तो हाच ताण सारखा करत असतो. स्टार्लीने १८७४ साली आणखी एक सुधारणा केली. तारा तुंब्यातून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींवरून काढल्या, म्हणजे पायडलाचा पीळ त्यांना सोसता येतो. आपल्या सायकलीच्या मागच्या चाकाकडे निरखून पाहा, दीडशे वर्षांत ती मांडणी बदललेली नाही.

तारांमुळे मोठे चाक हलके झाले, आणि उंच सायकलीचे राज्य सुरू झाले. इंग्रजांनी मागाहून तिला दिलेले नाव त्यांच्या नाण्यांवरून आहे : मोठी पेनी आणि तिच्या पावपट किमतीची फार्दिंग. आपल्याकडे नाव पडले असते तर ते ‘रुपया-पावली’ असे पडले असते.

हिशेब बरोबर होता, पण हिशेबात एक रकाना राहून गेला होता. बसणारा माणूस जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, आणि जवळजवळ पुढच्या आसाच्याच वर. वाटेत दगड आला, कुत्रे आडवे गेले, घाईत ब्रेक दाबला, की चाक थांबे आणि स्वार आसाभोवती फिरून डोक्यावर आपटे. उतारावर शहाणे लोक पाय हॅंडलवरून पुढे टाकून बसत, का, तर पडलो तर निदान पायांवर पडू. हाडे मोडली, जीवही गेले. म्हणजे ही सायकल धडधाकट, पैसेवाल्या तरुणाची राहिली. वयस्क माणसे आणि स्त्रिया तीनचाकीवर बसत. १८८१ साली राणी व्हिक्टोरियाने स्टार्लीची तीनचाकी मागवली होती. डॉक्टर, पोस्टमन, मजूर यांना या उंच चाकाचा उपयोग नव्हता.

तरीही त्यावरून केवढे प्रवास झाले! थॉमस स्टीव्हन्स २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ५० इंची चाकावर निघाला आणि १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामाला पोहोचला. अफगाणिस्तानातून त्याला परत पाठवले, तेव्हा तो आगबोटीने कराचीला आला, रेल्वेने लाहोर गाठले, आणि तेथून ग्रँड ट्रंक रोडने सायकलवरून कलकत्त्यापर्यंत गेला. १८८६ साली त्या रस्त्यावरच्या गावकऱ्यांनी ते चाक पाहून काय म्हटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

मग साखळी का लावली नाही? पायडल मध्ये ठेवायचे, मोठ्या दातेरी चक्रावरून साखळी मागच्या लहान दातेरी चक्राला न्यायची, म्हणजे लहान चाकालाही मोठ्या चाकाचा वेग येतो. ही युक्ती कागदावर सोपी आहे. अडचण साखळीची होती. जुन्या साखळ्या ताणत, चिखलाने अडत, तुटत, आणि पायाचा निम्मा जोर त्यांच्या घासण्यातच जाई. १८६९ मध्ये पॅरिसला छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट निघाले होते. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने रोळाची साखळी केली, ती मुळात गिरण्यांतल्या यंत्रांसाठी. अशा गोष्टी दुसऱ्या धंद्यांत तयार होईपर्यंत सायकलीला थांबावे लागले. हेन्री लॉसनने १८७९ मध्ये साखळीची सायकल काढली होती, पण ती फारशी खपली नाही.

ते काम केले जेम्स स्टार्लीच्या पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने. १८८५ साली त्याने ‘रोव्हर’, म्हणजे ‘भटक्या’, ही सायकल काढली. त्याने प्रश्नच उलटा विचारला. चाक केवढे असावे हे न पाहता, माणूस कुठे बसावा हे त्याने आधी ठरवले. पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीवर सीट, सीटखाली योग्य जागी पायडल, हात सहज पोहोचतील तेथे हॅंडल. बाकीचे यंत्र त्या माणसाभोवती बसवले. त्याच सप्टेंबरात रोव्हरवरून शंभर मैल सात तास पाच मिनिटांत तोडले गेले, आणि थट्टा करणारे गप्प झाले. पोलंडमध्ये आजही सायकलीला ‘रोव्हेर’च म्हणतात.

शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. सायकलीच्या पुढच्या चक्राचे दाते मोजा, मागचे मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ आले. ४४ भागिले १८, गुणिले चाकाचा व्यास २८ इंच. उत्तर येते सुमारे ६८. म्हणजे तुमची सायकल ६८ इंच व्यासाच्या उंच सायकलीइतकी पळते. एका फेऱ्यात जवळजवळ १८ फूट. एवढ्या चाकावर बसायला पाय कुठून आणणार? चाक लहान झाले असे आपल्याला दिसते, पण ते मोठे चाक साखळीच्या दोन चक्रांत लपून बसले आहे.

राहता राहिला हादरा. चाक लहान होताच तो परत आला. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप हा गुरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीला त्याने रबराची नळी हवा भरून बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतले. फुगलेल्या टायरला लोक हसले. मे १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम त्या टायरांवर जिंकला, आणि हसणे थांबले. पुढे कळले की रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. तेव्हा सायकलच नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात राहिले नाही. डनलॉपचे पेटंट रद्द ठरले, नाव मात्र त्याचेच राहिले.

या टायरबरोबर एक काळी गोष्ट आली, ती सायकलीचे कौतुक करताना बहुधा सांगत नाहीत. १८९० नंतर रबराला जगभर मागणी आली, आधी सायकलीसाठी आणि नंतर मोटारीसाठी. आफ्रिकेत काँगोचा मुलूख बेल्जमच्या राजा लिओपोल्डने खासगी मालकीसारखा ताब्यात घेतला होता. तेथील लोकांना जंगलातून रबर आणण्याची सक्ती झाली. ठरलेला भार भरला नाही तर फटके, बायकांना ओलीस धरणे, गावे जाळणे. शिपायांनी माणसांचे हात तोडले, त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ई. डी. मॉरेल आणि रॉजर केसमेंट यांनी ही गोष्ट जगापुढे आणली, आणि १९०८ मध्ये राजाची ती मालकी गेली. युरोपातला कारकून रविवारी मऊ टायरांवरून गावाबाहेर फिरायला जात होता, तेव्हा हे चालले होते.

पण त्याच सायकलीने युरोपात आणि अमेरिकेत स्त्रियांना घराबाहेर काढले, हेही खरे. दांडी खाली वाकवलेली चौकट आली, पायघोळ झगे आखूड झाले, त्यावर वर्तमानपत्रांतून वाद झडले. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, तेव्हा सातवीनंतर गावाबाहेरची शाळा कशी गाठायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न पुष्कळ हलका झाला.

१८९० च्या सुमारास नळ्यांची चौकट आजच्या आकाराला आली. शतक संपता संपता फ्रीव्हील आले. त्याआधी उतारावर पायडल आपोआप गरगर फिरत आणि पाय उचलून धरावे लागत. यानंतर साध्या सायकलीत मूळ आकाराचे असे काही बदलले नाही. आपल्याकडे ती बरीचशी तयार होऊनच आली, इंग्रजी शिक्क्याची. देशी कारखाने मागाहून निघाले : मद्रासचा टी. आय. १९४९ साली, सोनीपतचा ॲटलास १९५१ साली. उंच चाकाच्या काळापासून आपल्याकडे फार थोडे उरले आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय आहे, तेथे जुन्या सायकली, दिवे आणि पंप पाहायला मिळतात. सहल नेता आली तर न्यावी.

आणि मुंबईची एक गोष्ट सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. वाटेत तिघे गळाले. आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल पुरे करून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईत परत आले. त्यांच्या सायकलींना साखळी होती, हवेचे टायर होते आणि दोन्ही चाके सारखी होती.